चौकाखालचा पंप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. मोठ्या चौकाखाली, रस्ता ओलांडायच्या भुयारात, सगळ्यात खालच्या खोलीत बसलेला. 'मित्रांनो' म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. ऐकायला कोणी उरलंय की नाही, देव जाणे.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि इथे आणून चार बोल्टांनी जखडलं. काम एकच. जमिनीतून झिरपणारं पाणी खड्ड्यात साठायचं, ते मी उपसून वर फेकायचं. तीस वर्षं फेकलं. माझ्या जिवावर शेकडो माणसं रोज कोरड्या पायांनी जायची. पण पंपाचं कौतुक कोण करतं? तो बंद पडला की मगच त्याची आठवण!

कौतुक करायचे ते एकटे पंपवाले काका. आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप मारायचे, ग्रीस भरायचे, माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचे. मी तापलेला, त्यामुळे चहाही गरम राहायचा. पण काकांनी एक अतिशहाणपणा करून ठेवला होता. पाणी वाढलं की वर तरंगून मला आपोआप चालू करणारा एक फ्लोट होता. तो ऊठसूट मला चालू-बंद करतो म्हणून काकांनी त्याला खालच्या पाइपाला सुतळीने करकचून बांधलं. खटका स्वतःच्या हातात घेतला.

एकदा तपासणीला आलेल्या बाई खवळल्या. "अहो काका, हा फ्लोट कोणी बांधला?"

"मीच. त्याला अक्कल नाही हो, बाई. मला आहे."

"आणि तुम्ही आला नाहीत तर?"

"तर माझी लेक येईल, तिला शिकवलंय. ती नाही तर तुम्ही. माणसं काय संपणार आहेत का?"

बाईंनाही हसू आलं. "बरं, पण तात्पुरतं हं!" तात्पुरतं म्हणजे कायमचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खरं सांगायचं तर काकांचं बोलणं मलाही पटलं होतं.

मग एके सकाळी काका कप ठेवून "आलोच रे" म्हणत जिना चढले, आणि वरची सगळी पावलं एकदम थांबली. किंकाळी नाही, पळापळ नाही. सरकता जिना रिकामाच फिरत राहिला. रेकॉर्ड केलेला आवाज दर पाच मिनिटांनी सांगत राहिला, "कृपया लहान मुलांचा हात धरा." कोणाचा हात? माझ्या डोक्यावरचा चहा हळूहळू गार झाला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पाणी रोज चार बोटं चढू लागलं. दूरच्या धरणावरची वीज अजून येत होती, दिवा जळत होता, माझ्या अंगात जोर होता. हवं होतं फक्त खटक्यावर एक बोट. फ्लोट पाण्याखाली धडपडत होता, सुतळी सोडत नव्हती. एक मांजर आली, माझ्यावर बसून पाण्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. मी एकोणीस दिवस वाट पाहिली. विसाव्या दिवशी दिवा विझला, वरचा आवाजही बंद पडला. त्यानंतर चार दिवसांनी कुजलेली सुतळी तुटली. फ्लोट टुणकन वर आला, खटका वाजला, पण वीज कुठे होती? वरातीमागून घोडं! मग पाणी माझ्या डोक्यावरून गेलं.

किती वर्षं झाली कोण जाणे. छत कोसळलं, चौक खचला, आता इथे तळं आहे. सिग्नलच्या खांबावर वेली चढल्यात. हरणं काठावर येऊन पाणी पितात, माझ्या नळीत बेडकं राहतात. पाण्याने माझ्यावर राग काढला नाही. ते मूळचं इथलंच, चौक नंतरचा. मी हाकलत होतो तेव्हा ते बाहेर नुसतं थांबलं होतं, आणि याचंच मला भय वाटतं.

भुयाराच्या भिंतीवर मुलांनी रंगवलं होतं, 'पृथ्वीला वाचवा'. ती अक्षरं अजून पाण्याखाली दिसतात. पोरांनो, तिचं काही अडलेलं नाही. ती मजेत आहे. तुम्ही एकमेकांना जपायला हवं होतं, आणि जमलं तर आम्हालाही, तुमच्यावाचून ज्यांचं पान हलत नाही त्यांना. कुठे असाल तिथून परत या. पृथ्वीला तुमची आठवण येत नाही, मित्रांनो. मला येते.