घड कापेपर्यंत

बेबाबाईने अंगठा शाईच्या गादीवर टेकवला आणि तो तसाच वर धरून ती थांबली.

रावेरच्या नोंदणी कचेरीतले कारकून बन्सीलाल यांनी दस्त नुकताच वाचून दाखवला होता. मयत वडिलांच्या, आबांच्या, केळीच्या शेतातला आपला हिस्सा ती राजीखुशीने भाऊ पितांबर याच्या नावे सोडून देत होती. मुलीला वाटा देणारा कायदा होऊन बारा वर्षे लोटली होती. गावातल्या एकाही बहिणीने वाटा अजून घेतला नव्हता. वाटा घेणारीला माहेर उरत नाही, असे बायकाच एकमेकींना सांगत.

मात्र वाचनात चतुःसीमा आल्या, पूर्वेस गाडवाट, उत्तरेस विहीर, आणि बेबाबाई कचेरीत राहिली नाही. ती दहा वर्षांची होऊन आबांच्या मागे पाटातून चालू लागली. पायांना गार चिखल लागत होता. पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात आबांचे धोतरही हिरवे दिसत होते.

"माझं नाव लागलं हाये का त्याच्यावर?" तिने विचारले.

बन्सीलालांनी सातबाऱ्याचा उतारा तिच्याकडे फिरवला. तिला वाचता येत नव्हते. त्यांनी एका ओळीखाली बोट ठेवले.

"हे तुमचं. वारस म्हणून लागलंय. दस्त झाला की कमी होईल."

ती त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"भाऊ, आता उभ्या बागाचे घड कापेपर्यंत राहू दे. मंग देते अंगठा."

पितांबरने तिला हळू आवाजात समजावले. साक्षीदार खोळंबले होते, घरी वहिनीने पुरण घातले होते, आणि गाव काय म्हणेल हा प्रश्न होताच. तिने सारे ऐकून घेतले, मान डोलावली आणि अंगठा रद्दी कागदाला पुसला. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी दस्त बाजूला सारून पुढचे नाव पुकारले.

परतीच्या वाटेवर पितांबर बैलगाडी हाकत होता. दुतर्फा केळी डुलत होत्या. गाडी जणू हिरव्या पाण्यावरून तरंगत चालली होती. पुढच्या फाट्यावर भाऊ आपल्याला सासरगावी जाणाऱ्या मोटारीत बसवून देईल की घरी नेईल, हे बेबाबाईला उमगत नव्हते. विचारण्याचा धीरही होत नव्हता.

फाटा दिसू लागला तसा पितांबर मागे न पाहताच म्हणाला,

"मंग सांगा मालकीणबाई, उद्या पाणी कुठून सोडू?"

त्यातला टोमणा तिच्यापर्यंत पोचलाच नाही. ती क्षणभर डोळे मिटून बसली.

"खालच्या ओळींपासून सोड. वरून सोडलं का त्यांच्यापर्यंत पोचता पोचता आटते. मी आबांले लय वेळा सांगत होती. पण मले कोण इचारते?"

फाटा आला. पितांबरने कासरा ओढला आणि गाडी शेताच्या वाटेला घातली.