ढिल्या स्क्रूची साक्ष

माझे थोरले बंधू पदवीधर असून मी आठवीनंतर वायरमनच्या कामास लागलो. त्यांच्या बांधून होत आलेल्या घराची वायरिंग मलाच मिळावी, ही माझी मनापासूनची आशा होती. परंतु त्यांनी आपल्या म्युझिक सिस्टीमसाठी अंगठ्याएवढी जाड वीजवायर विकत आणली, आणि ती विकणारा दुकानदार त्यांना माझ्याहून ज्ञानी वाटू लागला.

"हिने आवाज खुलतो," दादा म्हणाले.

"दादा, खांबापासून इथवर वीज साध्याच तारेतून येते. शेवटच्या दोन हातांत तिच्यावर असे कोणते संस्कार होणार?"

वहिनी खुदकन हसल्या. दादांना ते झोंबले.

"मग सिद्ध कर. जमलं तर घराची वायरिंग तुझी. नाही तर दुकानदाराचा माणूस करील."

प्रथम जुन्या वायरवर गाणे लावले. आवाजात बारीक खरखर होती. तदनंतर मी मेन स्विच बंद केला. नव्या वायरची पिन सॉकेटात नीट बसेना, म्हणून बोर्ड उघडून सॉकेट सारखे केले, पुन्हा झाकले व नवी वायर जोडली.

खरखर समूळ नाहीशी झाली! गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला.

"काय वायरमनसाहेब?" दादा म्हणाले.

माझा चेहरा खर्रकन उतरला. इतक्यात हातातील स्क्रूड्रायव्हरकडे लक्ष गेले. बोर्डातला एक स्क्रू ढिला होता. सवयीने, बोलता बोलता, मी तो आवळला होता. खरखर त्याचीच होती!

मी ताबडतोब जुनी वायर परत लावली. आवाज तितकाच स्वच्छ.

"ऐका दादा! स्क्रू ढिला होता, वायरचा काही संबंध नाही!"

"नव्या वायरने मशीन आतून साफ केलं. दुकानदार म्हणालाच होता, गुण टिकतो."

"वायर आहे की औषधी काढा?" वहिनी म्हणाल्या.

"तू थांब गं. स्क्रू परत ढिला कर रे. खरखर आली तर मानलं."

मेन बंद करून मी स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवला. अर्धा फेरा, एवढेच काम. परंतु ढिल्या जोडणीत ठिणगी पडते. अशाच एका ठिणगीने माझ्या गुरूंचे दुकान भस्मसात झाले होते, आणि त्या राखेत उभा राहून मी त्यांना शब्द दिला होता की, माझ्या हातून कधी स्क्रू ढिला राहणार नाही. मनगट वळेना.

"राहू दे," दादा म्हणाले. "तुझं तुलाच पटत नाही."

संतापाने माझे कान तापले. मी तो स्क्रू आणखी पाव फेरा आवळला व झाकण लावले.

दारात वहिनींनी हळूच विचारले, "भावजी, नव्या घरातले स्क्रू मग कोण बघणार?"

"दुकानदाराचा माणूस," मी म्हणालो आणि दातओठ खात जिना उतरलो.