मोरूची कडी

पेणजवळच्या त्या गावात मोरूला मोरू म्हणणारं माणूस शोधूनच काढावं लागे. बाकी लहानथोरांच्या तोंडी एकच नाव होतं, कडी. 'काय कडी, भात झोडून झालं काय?' 'कडीच्या घरी पाहुणे आलेत वाटतं.' डोलवीच्या कंपनीत तो कंत्राटावर कामाला होता तेव्हा शिफ्टच्या बसमध्येही हे नाव त्याच्याआधी जाऊन जागा धरून बसायचं. आता साठी उलटली, कंपनी सुटली, पण कडी काही सुटली नव्हती.

याला कारण एक नाटक. चैत्रात गावदेवीच्या जत्रेला गावची मंडळी नाटक बसवत, आणि तरुणपणी मोरू त्यातला हुकमी नट होता. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावा. पाठांतराच्या नावानं मात्र सगळा आनंदच होता. पण त्याची मोरूला कधी फिकीर नव्हती, कारण विंगेत एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात नाटकाचं पुस्तक घेऊन शरीफ उभा असायचा. शरीफ त्याचा बालमित्र. मोरूचा ओठ नुसता थरथरला तरी शरीफकडून पुढचं वाक्य अलगद यायचं, आणि लोक म्हणायचे, काय पाठांतर आहे या माणसाचं!

'दाराला कडी' हे नाटक दोघांनी मिळून दोन वर्षं गाजवलं. मग शरीफ कतारला गेला आणि गावानं तेच नाटक तिसऱ्यांदा लावलं. त्यात शेवटच्या प्रवेशात एक भाषण आहे. मनाविरुद्ध लग्न करून गेलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी दाराशी येते आणि तात्यासाहेब नावाचा तिचा हेकट बाप तिच्याशी बोलतो. त्या भाषणात 'तू गेलीस त्या दिवशी' हे शब्द दोनदा येतात. पहिल्यांदा आले की बोलणं विहिरीकडे वळतं, दुसऱ्यांदा आले की दाराच्या कडीकडे. मोरू पहिल्या वळणावर नीट गेला. दुसऱ्यांदा 'तू गेलीस त्या दिवशी' म्हणाला आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. विंगेत शरीफच्या जागी उभा केलेला गृहस्थ रंगात येऊन नाटकच बघत होता. त्याचं पान केव्हाच मागे राहिलं होतं. मोरूनं ते चार शब्द पुन्हा म्हटले, मग आणखी एकदा. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "अरे कडी लाव, कडी!" मांडव हसून लोळला. मोरू तात्यासाहेबांची मिशी तशीच ओठावर घेऊन मागच्या बाजूनं शेतातून घरी पळाला.

त्याला तीसेक वर्षं होऊन गेली. मोरू त्यानंतर रंगमंचावर चढला नाही. जत्रेत नाटकाची घंटा झाली की तो घरात दार लावून वाल सोलत बसायचा. आवाज मात्र कुठं जाणार? तो बैलांवर ओरडताना बाहेर पडायचा.

यंदा शरीफ कायमचा परतला आणि रोह्याला मुलाकडे राहायला लागला. गावातला सुजय मास्तर नाटक मंडळ चालवायचा. त्यानं 'दाराला कडी' पुन्हा करायचं ठरवलं आणि तात्यासाहेब मोरूकाकांनीच करावेत असा हट्ट धरला. पुस्तक धरायला शरीफ एका पायावर तयार. मोरूनं मान हलवली ती आडवीच. सोमवारी तालमी सुरू होणार होत्या. तोवर होकार आला नाही तर सुजय दुसरा माणूस घेणार होता.

तेवढ्यात शरीफला कळलं की हेच नाटक मुंबईच्या एका नव्या कंपनीनं उभं केलंय, तात्यासाहेबांच्या कामाला सिरीयलमधला मोठा नट आहे, आणि रविवारी दुपारी पनवेलला प्रयोग आहे. त्यानं लगेच फोन लावला.

"नुसता बघायला चल. खाऊ, पिऊ, नाटक बघू, घरी येऊ. काम कर असं मी एका अक्षरानं बोलणार नाय. अल्लाची शपथ."

"तू आणि बोलणार नाय?"

"प्रॉम्प्टर हाय रे मी. हळू बोलायची सवय हाय मला."

मोरू तयार झाला. नाटकासाठी नव्हे, शरीफसाठी, असं त्यानं बायकोला, शांतीला, दोनदा सांगितलं. शांतीनं नवऱ्याला पुरतं ओळखलेलं होतं. तिनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि त्याच्या पित्ताची आठवण ठेवून डब्यात दुधीची भाजी भरली.

रविवारी सकाळी रोह्याहून येणाऱ्या गाडीत शरीफनं खिडकीची जागा धरली होती. पेणला मोरू चढला. शरीफचा अवतार बघण्यासारखा होता. पांढरा झब्बा, अत्तर, आणि तोंडात नवीकोरी कवळी. हसला की डबा उजळायचा.

"काय खाऊन आलास?" शरीफनं विचारलं.

"काय नाय. डबा हाय. दुधी."

"दुधी!" शरीफनं डबा उचलून वरच्या रॅकवर ठेवला. "मोऱ्या, तिकडं कतारला मी रोज रात्री झोपायच्या आधी काय काय खायचं ते आठवायचो. मिसळ, बटाटावडा, कांदाभजी. त्यात दुधी एकदापण आला नाय."

पनवेलच्या बाजारात त्या दोघांनी जे केलं त्याला खाणं म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं होईल. आधी मिसळ झाली. तर्री इतकी जहाल की मोरूच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तो रडत रडतच "आणखी एक पाव" म्हणाला. मग गल्लीतल्या एका छोट्या हॉटेलात खिमा-पाव. हॉटेलवाला शरीफच्या सासुरवाडीच्या ओळखीचा निघाला, त्यामुळे प्लेटी काही रिकाम्या होईनात. मग उसाचा रस, आलं-लिंबू घालून. मग पोटाला आराम म्हणून एका कठड्यावर टेकले तर समोर कढईत भजी पडत होती. कांद्याचा वास आला आणि आराम तिथंच संपला.

मोरू खुशीत होता. कितीतरी वर्षांत इतका हसला नव्हता. आणि इथं पनवेलात त्याला कुणीही कडी म्हणत नव्हतं. फक्त मधूनच नाटकाची आठवण यायची आणि हातातलं भजं तोंडाच्या वाटेवरच थांबायचं.

निघताना शरीफनं शेंगदाण्याची कडक चिक्की घेतली. "नातवाला," तो म्हणाला, आणि दुकानाच्या पायरीवरच पाकीट फोडलं.

नाट्यगृह गच्च भरलं होतं. खुर्च्या मऊ, गारवा मस्त. तिसरी घंटा झाली, पडदा सरकला आणि शरीफचे ओठ हलायला लागले. त्याला सगळं नाटक पाठ होतं. बायकांची वाक्यंही तो सोडत नव्हता. पहिल्या अंकात मुलीनं लग्न केल्याची तार येते. तात्यासाहेबांनी ती वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि ते पाठमोरे उभे राहिले. गप्प. सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं.

शरीफ चुळबुळला. त्यानं खुर्चीचा हात धरला. मग त्याला राहवेना. "सांगा त्याला," त्याच्या तोंडून खणखणीत गेलं, "या घराला मुलगी नव्हतीच!"

पुढच्या तीन रांगा वळल्या. शेजारी गजरा माळलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्या झुकून म्हणाल्या, "अहो आजोबा, पॉज आहे तो! मुद्दाम थांबलेत ते."

"मुद्दाम?" शरीफ चाट पडला. "आमच्याकडं थांबला म्हणजे विसरला."

मोरू खुर्चीत जेवढं खाली घसरता येईल तेवढा घसरला. मध्यंतरात बटाटावडा खाताना त्यानं मित्राची बिनपाण्यानं केली. "तुला काय लाज हाय का नाय? लोकं बाहेर काढतील आपल्याला!" शरीफ वडा खात निमूट ऐकत होता. आत जाताना मोरूनं चिक्कीचा एक जाडजूड तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "हा चघळत बस. पडदा पडेस्तोवर तोंड उघडशील तर बघ."

शेवटचा प्रवेश सुरू झाला. दार, दाराबाहेर मुलगी, दाराआड तात्यासाहेब. बोलणारा दुसराच होता, पण धडधड मोरूच्या छातीत होत होती. 'तू गेलीस त्या दिवशी' पहिल्यांदा आलं. नट विहिरीकडे वळला. बरोबर. मोरूनं श्वास सोडला. भाषण पुढं सरकलं. मोरूला ती जागा येताना दिसत होती.

"तू गेलीस त्या दिवशी," नट म्हणाला आणि थांबला.

सगळ्यांना वाटलं, पॉज. बाईंनी पदर डोळ्याला लावला. पण मोरूनं त्या माणसाची नजर पाहिली. ती मुलीवर नव्हती, दारावर नव्हती, ती हळूच विंगेकडे वळली होती. हात झब्ब्याच्या गुंडीशी चाळा करत होता. तो पॉज नव्हता. त्या भोवऱ्यात मोरू स्वतः बुडालेला होता, त्याला कोण फसवणार?

"तू गेलीस त्या दिवशी," नट पुन्हा म्हणाला.

मोरूनं शरीफचं मनगट धरलं. "सांग त्याला! शरीफ, सांग!"

शरीफनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. चिक्कीनं वरची कवळी खालच्या कवळीला घट्ट धरून ठेवली होती. डोळे वटारून त्यानं नुसतं "हं हं" केलं आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

आता तिसऱ्यांदा तेच शब्द येतील आणि कुणीतरी हसेल. मोरूला ते हसू आधीच ऐकू आलं. आणि तो उभा राहिला. आपण उभे राहिलोय हे त्याला नंतर कळलं. आवाज मात्र जिथून यायचा तिथून आला, बैलांवर ओरडायचा नव्हे, जुना, मांडवाच्या टोकाला पोचणारा.

"तू गेलीस त्या दिवशी मी कडी लावली नव्हती, पोरी."

नटानं अंधारात आवाजाच्या दिशेनं पाहिलं. मग तो दाराकडे वळला आणि तेच वाक्य अगदी हळू म्हणाला. पुढचं सगळं भाषण धबधब्यासारखं आलं. मोरू मटकन खाली बसला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

पडदा पडला, पुन्हा उघडला. टाळ्या थांबल्यावर तो नट पुढं आला आणि त्यानं हात जोडले. "मंडळी, आज मी शेवटच्या भाषणात साफ विसरलो. त्या जागेवर मी याआधीही घसरलोय. आज आपल्यातल्या कुणीतरी हात दिला म्हणून वाचलो. कोण होते ते?"

गजरेवाल्या बाईंनी मोरूला कोपरानं ढोसलं. तो उठला.

"कुठले आपण?"

"पेणकडचा."

"काम केलंय या नाटकात?"

"केलंय," मोरू म्हणाला. आणि मग इतक्या वर्षांत जे कुणापाशी बोलला नव्हता ते भरल्या नाट्यगृहात बोलून गेला. "मी पण तिथंच विसरलो होतो."

लोक हसले. पण हे हसू वेगळं होतं. त्यात टाळ्या होत्या, आणि स्टेजवरचा तो मोठा नट सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. मोरूला रडू आलं. आनंदानंच आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

संध्याकाळच्या गाडीत दुधीचा न उघडलेला डबा पुन्हा रॅकवर गेला आणि शरीफ खिडकीशी बसून कवळी मोकळी करण्यात गुंतला होता. आपटा स्टेशनला ती एकदाची सुटली. तरी तो गप्प राहिला. शपथ घेतली होती ना. फक्त दर दोन मिनिटांनी मोरूकडे बघायचा आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायचा.

जिते स्टेशनही गेलं. मोरू आपल्याशीच पुटपुटायला लागला. मग पुटपुटणं मोठं झालं. तात्यासाहेबांचं शेवटचं भाषण होतं ते. शरीफ सरसावून बसला. एका ठिकाणी मोरू अडला, शरीफनं शब्द दिला, भाषण चालू. समोरच्या बाकावरचा माणूस मोबाईल ठेवून ऐकायला लागला. हमरापूर आलं तेव्हा मोरू विहिरीपाशी होता. गाडी पेणला येऊन थांबली तेव्हा तो म्हणाला, "तू गेलीस त्या दिवशी," आणि गप्प झाला.

शरीफनं तोंड उघडलं. मोरूनं हात वर केला. "थांब. पॉज हाय."

शरीफचे हाल कुत्रा खाईना. ओठावर वाक्य आलेलं, बोलायची बंदी. त्यानं खिडकीबाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं, दाराकडे दाखवलं, रॅकवरच्या दुधीच्या डब्याकडे दाखवलं. मोरूनं हात खाली घेतला नाही. गाडीनं भोंगा दिला आणि पेण सोडलं.

मग मोरू बोलला. डब्यात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. समोरच्या माणसानं टाळ्या वाजवल्या.

कासूच्या पुढं शांतीचा फोन आला. "कुठं हाय तुम्ही? पोचली नाय गाडी?"

"मी रोह्याला चाललोय. आज शरीफकडंच मुक्काम."

"का वो? काय झालं?"

"काय नाय गो. सुजयला निरोप दे," मोरू म्हणाला. "त्याला सांग, कडीची तालीम सुरू झाली."