खालचा दोरा

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. अंगावरचा रंग उडाला आहे, पायडल कुरकुरते. पण टाका अजून सरळ पडतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण मध्यंतरी माझ्यावर भलताच आळ आला होता.

कारखान्यातून माझी रवानगी थेट मास्टरांच्या दुकानात झाली. मास्टर म्हणजे आमचे शिंपी. हात इतका साफ, की गिऱ्हाइके कपडा उलटा करून आतली शिवण बघत राहत. कौतुक मास्टरांचे होई; त्यातले थोडे मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घेत असे.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाने नवा सदरा अंगात घातला आणि बाही सुटून हातात आली. शिवताना बॉबिनमधला खालचा दोरा संपला होता आणि मास्टर तसेच पायडल मारत राहिले होते. वरचा दोरा एकटा कापड धरून ठेवू शकत नाही.

"मशीन बिघडलंय!" मास्टर कडाडले. दुरुस्तीवाला मला खोलून, तेल घालून गेला. दोष सापडेना. मग एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. आता कात्री काय माझ्या हातात होती?

शेवटी मास्टरांची मुलगी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. परतल्यावर भावाला म्हणाली, "दादा, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. मेंदूचे भाग एकमेकांशी जोडलेले असतात ना, ते दुवे सैल पडायला लागलेत."

"मग दुकान बंद करू. मशीन विकून टाक," दादा म्हणाला.

मास्टर मान खाली घालून बसले होते. "काम गेलं तर मी दिवसभर करू काय रे?"

मुलगी स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली आणि बॉबिन भरू लागली.

तेव्हापासून कापते ती, दोरा बघते ती, शिवतात मास्टर. पायडलवर पाय ठेवला की त्यांना काही सांगावे लागत नाही. चुकले की टपली मात्र अजून मलाच बसते.

परवा तिने दोरा ओवून दिला, तेव्हा मास्टर तिच्याकडे बघत म्हणाले, "छान काम करता हो तुम्ही. माझ्या मुलीलाही शिकवा ना."

तिचे डोळे भरून आले. "शिकवते, मास्टर," ती म्हणाली. एरवी ती त्यांना बाबा म्हणते.

मित्रांनो, घरात कोणी विसरू लागले, तर "सांगा बघू, मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. हाताला जमते ते काम त्यांच्याकडेच राहू द्या. लक्षात ठेवायचे काम तेवढे तुम्ही करा.