पॉपलरच्या रांगेखाली

"छत्री जरा वर धराल का?" टीव्हीवाली मुलगी डचमध्ये म्हणाली. "लेन्सवर थेंब येतायत."

हेमचंद्रने छत्री वर धरली. समोर, मका कापून नेलेल्या शेतात, जयेश हेडफोन लावून मेटल डिटेक्टर झुलवत चालला होता आणि अख्खं युनिट त्याच्याकडे कौतुकाने बघत होतं.

खरं तर हे शेत हेमचंद्रचं. सातबाऱ्यावर नव्हे, मालक होता आइंडहोवनजवळचा विम नावाचा शेतकरी. पण त्याच्या दारात उभं राहून, मोडक्यातोडक्या डचमध्ये 'खड्डे नीट बुजवीन' असं सांगून परवानगी मिळवली होती ती हेमचंद्रने. आठवडाभर कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं आणि रविवारी मशीन घेऊन इथे यायचं, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम. टीममध्ये नवा आलेला जयेश 'दादा, मीपण येऊ?' म्हणून मागे लागला. लोखंडाचा घोगरा आवाज कुठला, चांदीचा किणकिणता कुठला, हे हेमचंद्रनेच त्याला शिकवलं. हेमचंद्र खणू लागला की जयेश मागून वाकून बघत राही.

मग टीव्हीवर या छंदाची स्पर्धा निघाली. जयेशने हसतखिदळत एक व्हिडिओ पाठवला. हेमचंद्रनेही पाठवला होता. बायकोलासुद्धा न सांगता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला नकाराचा मेल आला. जयेशची निवड झाली, आणि शूटिंगसाठी त्याने शेत सुचवलं ते हेच.

"हे शेत दादांमुळे मिळालं हं," जयेश सगळ्यांना सांगत होता. ऐकून बरं वाटायला हवं होतं. हेमचंद्रच्या मात्र पोटात दुखत होतं.

दुपारपर्यंत जयेशला बिअरच्या बाटल्यांच्या बुचांखेरीज काही मिळालं नाही. सुट्टीत ब्रेड-चीज घेऊन तो हेमचंद्रजवळ आला. कॅमेऱ्यापुढचं हसू उतरलं होतं.

"दादा, आज काही निघालं नाही तर बाहेर काढतील मला. आईने पुण्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलंय. कुठे बघू, सांगा ना."

हेमचंद्रला ठाऊक होतं. बांधावरच्या पॉपलरच्या झाडांच्या रांगेखाली गेल्या रविवारी त्याच्या मशीनने असा स्वच्छ, गोड आवाज दिला होता की त्याच्या अंगावर काटा आला होता. तेवढ्यात अंधारून आलं म्हणून त्याने ती जागा तशीच सोडली होती. तो सांगणारच होता. इतक्यात ती मुलगी आली, जयेशच्या कॉलरवरचा माइक तिने सारखा केला आणि हेमचंद्रकडे बघून गोड हसली.

"तुम्ही याचे वडील ना?"

जयेश खो खो हसला.

"तिकडे बघ," हेमचंद्रने हात केला. "चराच्या कडेला."

चराच्या कडेला जुनं कुंपण गाडलेलं होतं. जयेश चिखलात गुडघे टेकून गंजके खिळे आणि तारांचे तुकडे काढत राहिला. आधी विनोद करत होता, मग मान खाली घालून नुसता उकरू लागला. छत्री धरून उभ्या असलेल्या हेमचंद्रला एकदा राहवलं नाही.

"जयेश..."

जयेशने चटकन वर पाहिलं. "काय दादा?"

"काही नाही. हात सांभाळ, तार आहे."

संध्याकाळी जयेश स्पर्धेतून बाहेर पडला. निरोपाचं बोलताना त्याने हेमचंद्रला ओढून शेजारी उभं केलं. "हे माझे गुरू. यांनी मन लावून शिकवलं, मलाच आलं नाही," तो डचमध्ये म्हणाला. कॅमेरा हेमचंद्रच्या तोंडावर आला, अगदी जवळ. इतके महिने त्याला हवा होता तसा. तो कसाबसा हसला.

"काय छान दिसलात हो टीव्हीवर!" टीव्हीवर तो भाग लागला तेव्हा त्याची बायको मृदुला म्हणाली. नातेवाइकांचे फोन तिनेच घेतले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये हेमचंद्र मुद्दाम जयेशसमोर जाऊन बसला.

"रविवारी येतोस ना? पॉपलरखाली एक सिग्नल आहे. तूच खण."

"मशीन देऊन टाकलं, दादा. एनस्खेडेला एक स्टुडंट आहे, त्याला." जयेश सूप ढवळत राहिला. "आपल्याला तो कानच नाही. तुम्ही सांगितलेल्या जागीसुद्धा मला काही सापडेना, म्हणजे बघा ना!"

हेमचंद्रने तोंड उघडलं. पण बोलायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. तेवढ्यात जयेशच्या मीटिंगची वेळ झाली आणि तो ट्रे उचलून गेला.

रविवारी विमने ट्रॅक्टरवरून हात हलवला. "आज एकटाच?"

"एकटाच."

पॉपलरखालचा आवाज अजून तितकाच गोड होता. हेमचंद्रने गवताचा चौकोन अलगद कापून बाजूला ठेवला आणि माती उकरली. शिवताना बोटात घालतात ते अंगुस्तान निघालं. चांदीचं, एवढंसं, काठावर बारीक वेलबुट्टी. कुणा बाईच्या बोटातून कधी निसटलं, कोण जाणे. त्याने अंगठ्याने माती पुसली, ते तळहातावर ठेवलं आणि सवयीने गुडघ्यांवरच थोडा बाजूला सरकला, मागून वाकून बघणाऱ्याला नीट दिसावं म्हणून.