अकरावी खाट

दोराचा शेवटचा फेरा बकारामने टाचेखाली दाबून ओढला, गाठ मारली आणि खाट हुकुमचंद पाटलांच्या अंगणात, सपरीच्या म्हणजे ओसरीच्या पायरीसमोर, चारही पायांवर उभी केली.

सपरीत पोते अंथरून म्हातारे हुकुमचंद अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ठेवून तं देल्ली. उचलून बी तुलेच न्या लागन."

बकाराम हसला. उत्तर देण्याचे काम शेजारी उभ्या असलेल्या ताराचंद गुरुजींचे होते, आणि गुरुजींना ते आवडतही असे.

गुरुजी गावच्या शाळेत शिकवत. सुटीच्या दिवशी, दवनीवाड्याच्या बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बकाराम आणि आणखी चौघांना घेऊन ते भुईवर निजणाऱ्या लेकरांसाठी खाटा करीत. लाकूड मागून आणलेले. मजुरी कोणी घेत नसे. २००८ पासून दोन वर्षांत दहा खाटा दिल्या गेल्या. या उन्हाळ्यात घरोघर जाऊन पाहिले, तेव्हा दहांपैकी सात खाटांवर म्हातारे निजलेले आढळले आणि लेकरे पुन्हा भुईवर, त्याच खाटांच्या शेजारी. कोणी दांडगाई केली नव्हती. मोठे माणूस भुईवर असताना लहानाने वर निजू नये, ही रीत त्या खाटांहून फार जुनी होती. म्हणून गुरुजींनी नियम केला : घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने लेकराला स्वतःच्या हाताने खाटेवर बसवावे. तसे झाले तर खाट राहील. नाही तर परत.

अकरावी खाट हुकुमचंदांच्या नातीची होती. नऊ वर्षांच्या योगेश्वरीला गेल्या श्रावणात झोपेत मण्यार चावली. दवाखान्यात पाच दिवस काढून ती वाचली. परंतु तेव्हापासून तिने भुईला पाठ टेकवली नव्हती. भिंतीला रेलून, गुडघे कवटाळून ती रात्र काढी आणि दिवसा वर्गात पेंगे. मृग आठ दिवसांवर आला होता. बिळांत पाणी शिरले की साप पुन्हा घरांकडे वळणार होते.

"पाटील, नातीचा हात धरून बसवा," गुरुजी म्हणाले. "बाकी काई नोको."

"मी भुईवर आन् टुरी माह्या डोक्यावर?"

"डोक्यावर नाई जी, खाटेवर. साप भुईवर फिरते. त्याले लहान-मोठं समजत नाई."

"मले नोको शिकवू. या आंगनात मोठ्याच्या पुढं खाटेवर कोनी बसलं नाई. माही सून नाई बसली." हुकुमचंदांनी हनुवटीने बकारामकडे दाखवले. "याचा बाप नाई बसला."

गुरुजींचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी तोंड उघडले, तोच बकारामने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"खरं हाय जी," तो म्हणाला. "तुमच्या घरच्या, आता मोडल्या त्या साऱ्या खाटा माह्याच बापानं विणल्या. विणनाऱ्यानं पयले सोता बसून पाहावं, मंग द्यावं. दुसऱ्या घरी तो बसून पाहे. इथं धानानं भरला बोरा ठेवून पाहे."

हुकुमचंदांच्या मांडीवरचा पीळ थांबला. मग त्यांनी प्रथमच खाटेकडे नीट पाहिले. दोरांवरून, सांध्यांवरून नजर फिरवली.

"मंग ही पाह्यली का? टुरी पडली तं?"

"पाहाची हाय. आना बोरा."

दाराआड दुलारी उभी होती. ती योगेश्वरीची आई. लग्नानंतरच्या बारा वर्षांत सासऱ्यांसमोर ती परक्या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती.

"बोरा नाई घरात," ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजाने ती किंचित दचकली. पदर सारखा करून तिने पुढचे वाक्य अधिक स्पष्टपणे उच्चारले. "तुमीच बसा, भाऊ."

बकारामने तळहात धोतरावर पुसले. काठावर नव्हे, खाटेच्या ऐन मध्यावर तो बसला; सगळे अंग सोडून बसला. दोर एकदा करकरले आणि गप्प झाले. लाकूड तसूभरही हलले नाही.

हुकुमचंद खालून त्याच्याकडे पाहत राहिले. त्या अंगणात मान वर करून कोणाकडे पाहण्याचा त्यांना सराव नव्हता. काही वेळाने ते खांबाला धरून उठले, आत गेले आणि योगेश्वरीला मनगटाला धरून बाहेर घेऊन आले. ते उभे आहेत हे दिसताच बकाराम नकळत अर्धा उठला.

"बसून राय," हुकुमचंद म्हणाले. "दोघांचं वजन पाहू दे."

आणि त्यांनी नातीला उचलून त्याच्या शेजारी बसवले.

योगेश्वरीने सवयीने गुडघे कवटाळले. मग वाकून तिने खाटेखाली पाहिले. खाली सारवलेली भुई होती, रिकामी. तिने तळहाताने दोर दाबून पाहिले, आणि हळूहळू, एकेक पाय लांब करीत, बकारामच्या पाठीमागे ती आडवी झाली.

गुरुजींना आता आनंद आवरेना. मच्छरदाणी कशी खोचावी, खाटेचे पाय वाळवीपासून कसे राखावेत, दोर किती महिन्यांनी ताणावा, हे सारे ते क्रमवार सांगू लागले. दुलारीने चहा आणला; पहिला कप तिने खाटेकडे नेला. बकारामने तो दोन्ही हातांत धरला, परंतु पाठ हलवली नाही.

पोत्यावर परत बसलेल्या हुकुमचंदांनी गुरुजींकडे पाहून ओठांवर बोट ठेवले.

"शाळा जूनच्या सव्वीस तारखेले भरते, गुरुजी," ते हलकेच म्हणाले. "आता बोलू नोका. टुरी निजून राहिली."