एकाच टेबलावर दोन प्याले

मित्रांनो, मी एक जुना पितळी प्याला आहे आणि आज माझं डोकं जाम फिरलेलं आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. ते मला जमायचं नाही.

महाडच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. तिथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने मला प्रभुभोजनासाठी घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीतली येसूबाई काळ्या मनुका उकळून रस करायची आणि तो माझ्यात ओतायची. प्रभू येशूने आपल्यासाठी रक्त सांडलं, त्याची ती आठवण. पोलादपूरहून एसटीने येणारा गवंडी, शाळेतल्या बाई, भाजीवाली, सगळे माझ्याच काठाला ओठ लावायचे. कुणी कधी नाक मुरडलं नाही. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, सांगायचे, "याला सहभागिता म्हणतात. एकाचं दुखणं ते सगळ्यांचं." मला वाटायचं, या माणसांना ते कळलंय. कळलंय डोंबल!

महाडात पूर आला आणि प्रार्थनाघरात चिखल भरला. पाणी ओसरताच मंडळीचा कारभार बघणारे महादूभाऊ माणसं घेऊन आले. त्यांनी बाकं धुतली, फरशी खरवडली, मला चिंचेने घासलं. रविवारची उपासना चुकायला नको ना! मागच्याच गल्लीत येसूबाई एकटी घमेल्याने घरातला चिखल उपसत होती. तिच्याकडे एक माणूस फिरकला नाही.

रविवारी ती भर उपासनेत उभी राहिली. "महादूभाऊ, बाकांना जीव हाय का? माझ्या घरात गुडघाभर चिखल होता. मी हाका मारत होते. कोण आला नाय."

"देवाचं घर आधी, येसूबाई," महादूभाऊ गुरगुरले. "खाली बसा."

झालं! अर्धी मंडळी तिच्या बाजूला बसू लागली, अर्धी त्यांच्या. पुढे महादूभाऊंची बायको पारूबाई वारली. येसूबाईची ती जिवाभावाची मैत्रीण, पण ही बया मातीलाही गेली नाही. मला तिचाही तितकाच राग आला.

प्रभुभोजनाआधी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी समेट करायचा, अशी आमच्यात रीत. यांनी काय करावं? स्टीलचा दुसरा प्याला आणला! मी येसूबाईच्या रांगांना, तो महादूभाऊंच्या रांगांना. समेटाची कटकटच मिटली. आणि वर "आम्ही सारे एक" असं टाळ्या वाजवून गायचे. अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!

गेल्या रविवारी नवे पाळक विनीत यांनी मला येसूबाईच्या हातात दिलं. ती प्यायली नाही. मला घेऊन ती तरातरा पलीकडच्या रांगेत गेली.

"महादूभाऊ, पारूच्या मातीला मी आले नाय. रागात दार लावून बसले. माझं चुकलं."

महादूभाऊ मान खाली घालून बसले होते. तसेच ते पुटपुटले, "येसूबाई, पुराच्या वेळी तुझ्या हाका मला ऐकू आल्या होत्या गो. ऐकून बाकं धुवत राहिलो."

ऐकू आल्या होत्या! मित्रांनो, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मला हात असते तर तो सगळा रस मी त्यांच्या तोंडावर फेकला असता. येसूबाई झटकन मागे सरली आणि थोडा रस तिच्या लुगड्यावर सांडला. आता ही निघून जाणार, असं मला वाटलं.

"घ्या," मला त्यांच्यापुढे धरत ती म्हणाली. "आधी तुमी प्या."

ते रडत प्यायले. मग त्याच काठाने ती प्यायली.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा, असं मी मुळीच सांगणार नाही. काळा पडलो तरी चालेल मला. पण तुमच्या बाकावरचं एखादं माणूस दिसलं नाही, तर उपासना संपायची वाट बघू नका. उठा आणि आधी त्याच्या घरी जा.